नववा बिंदू

२ फेब्रुवारी

पोहोचले. गाडी वेळेवर, सामान शाबूत, खोल्या पत्रात लिहिल्या होत्या त्यापेक्षा चांगल्या. एकसष्टाव्या वर्षी नव्या नोकरीवर रुजू होणारी बाई घरमालकीणबाईंनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली. किल्ली हातात देता देता विचारून घेतले, मुलगा-सून सांभाळत नाहीत का? मी म्हटले, मीच मुलाला सांभाळायला आले आहे. त्यांना ते फारसे पटले नाही. पण गरम पाण्याचा नळ कसा फिरवायचा ते त्यांनी दोनदा दाखवले, त्याअर्थी मनाने बऱ्या असाव्यात.

दोन खोल्या, एक टेबल, टेबलासमोर खिडकी. खिडकीतून धक्का, दोन क्रेन आणि राखाडी पाणी. समुद्रात विहिरी खणणारी रिग इथून दिसत नाही. ती नव्वद किलोमीटर आत आहे. चिरंजीव सध्या तिच्यावर आहे. विहिरीत उपकरण सोडून थराथरातला दाब मोजायचा, हे त्याचे काम. बापाचेच काम. मी नको म्हणत होते. न ऐकणे हाही बापाचाच गुण.

संध्याकाळी त्याचा फोन आला. रिगवरच्या थेट फोनचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगितला आणि शेवटी दरडावून विचारले, "लिहिलंस का?" लिहिला म्हटल्याशिवाय फोन ठेवेना. हेही बापाचेच. हसू आले. पुष्कळ दिवसांनी बरे वाटते आहे.

४ फेब्रुवारी

ऑफिस बंदराच्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या शेवटच्या पायरीशी भिंतीत एक पितळी पट्टी बसवली आहे: समुद्रसपाटीपासून अधिक ११ मीटर. पूर्वी मोजणी करणारी माणसे इथून शहराच्या उंच्या काढत. आमच्या धंद्यात सगळे उणे. समुद्रसपाटी शून्य, तिच्याखाली उणे हजार, उणे तीन हजार. आयुष्यभर उण्यात काम केलेल्या बाईला अधिक अकरावर खुर्ची मिळाली, ही बढतीच म्हणायची.

साहेब माझ्याहून वीस वर्षांनी लहान. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "उरकून टाकू" म्हणतो. मनातल्या मनात त्याचे नाव उरका ठेवले. दुसरी एक मुलगी आहे, तिशीची. विहिरींचे सगळे आकडे तिच्या ताब्यात. बोलते फार, पण मागितलेला कागद दुसऱ्यांदा मागावा लागत नाही.

काम असे. समुद्राखाली वायू सापडला आहे. तो किती आहे, कुठवर पसरला आहे हे ठरवण्यासाठी आजवर चार विहिरी खणल्या. पाचवी महिनाअखेरीस सुरू व्हायची आहे. त्याआधी मी खालच्या खडकाचे पाचवे मॉडेल करायचे आणि पाचवी विहीर ठरलेल्या जागी खणावी की नाही, ते सांगायचे. पहिली चार मॉडेले आधीच्या गृहस्थांनी केली. प्रकृती बिघडली म्हणून ते गेले. त्यांचा स्वेटर अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. घडी करून कपाटात ठेवला.

६ फेब्रुवारी

घरमालकीणबाईंनी विचारले, मॉडेल म्हणजे काय हो? सांगितले, समुद्राखाली तीन किलोमीटरवर काय आहे ते कोणी पाहिलेले नाही. चार विहिरी म्हणजे चार सुईची भोके. त्यांतून जे दिसते त्यावरून शहराएवढ्या खडकाचे चित्र काढायचे. बाई म्हणाल्या, म्हणजे किल्लीच्या भोकातून बघून शेजारी किती माणसं राहतात ते सांगायचं! ते तर मी फुकट करते. यापेक्षा चांगली व्याख्या मला कॉलेजातही कोणी सांगितली नव्हती.

आज चारही मॉडेले नीट पाहिली. पहिली विहीर आठ वर्षांपूर्वीची. वायू लागला, सगळे खूश, मॉडेलही खुशीतले. चादर अंथरावी तसा वाळूखडकाचा एक सलग थर, कुठे सुरकुती नाही. दुसऱ्या विहिरीत तो थर निम्माच भरला. चादर गेली, तिच्या जागी जुन्या नदीचे वळणावळणाचे पात्र आले. तिसऱ्या विहिरीत वायू हवा तिथे पाणी. मग पात्राला मधोमध भेग पाडली: अलीकडे वायू, पलीकडे पाणी. चौथीत पाणी हवे तिथे वायू. एक भेग पुरेना. चौथ्या मॉडेलात सात भेगा आहेत आणि ते फुटलेल्या बशीसारखे दिसते.

मुलगी म्हणाली, मॅडम, मॉडेल नव्या सुनेसारखं असतं, पुढची विहीर होईपर्यंतच कौतुक. खरे आहे. पण यात आधीच्या गृहस्थांची चूक नाही. हीच रीत आहे. प्रत्येक विहीर आधीच्या चित्राला खोटे पाडते आणि आपण पुन्हा काढायला बसतो. खोटे पडायची ज्याला लाज वाटते त्याने या धंद्यात येऊ नये.

९ फेब्रुवारी

दाबाचे तक्ते काढले. हे मला सगळ्यात आवडते. जसजसे खोल जावे तसतसा दाब वाढतो. कागदावर एकेक बिंदू मांडत गेले की सरळ रेष उमटते. पहिल्या विहिरीत नऊ ठिकाणी दाब मोजला. आठ बिंदू रेषेवर, पट्टी लावून ओढल्यासारखे. नववा पार बाहेर. आधीच्या गृहस्थांनी तो लाल शाईने खोडून शेरा मारला आहे: उपकरणदोष. योग्य केले. मी माझ्या हाताखालच्या मुलांना वर्षानुवर्षे हेच शिकवत आले. रेषेबाहेरचा बिंदू दिसला तर आधी उपकरणाची चूक धरावी, मग लिहिणाऱ्याची, आणि सर्वांत शेवटी पृथ्वीची.

दुसऱ्या विहिरीच्या तक्त्यातही एक बिंदू खोडला आहे. तोही बाहेरचा. उपकरणे चांगली वापरली नाहीत असे दिसते.

१२ फेब्रुवारी

चारही विहिरींत एकेक. चारही लाल शाईने खोडलेले. आज मुलीला सांगून मूळ नोंदी मागवल्या आणि खोडलेले आकडे एका कागदावर मांडले.

पहिली विहीर, उणे २९१०: ४३७.६.
दुसरी, उणे २३४०: ४३७.६.
तिसरी, उणे १७०५: ४३७.६.
चौथी, उणे १०२०: ४३७.६.

चारही ठिकाणी दाब तोच, दशांशासकट. मुलीला हसू आले. म्हणाली, आमच्या आत्याच्या वजनकाट्यासारखं झालं, कोणीही उभं राहा, वजन एकच! मी विचारले, चारही वेळा उपकरण तेच होते का? तिने तपासले. चार वेगळी उपकरणे, चार वेगळ्या कंपन्या, मोजणारी माणसे वेगळी. मग तिने तक्ता पुन्हा पहिल्यापासून वाचला.

शिवाय उणे हजारावर एवढा दाब असूच शकत नाही. असता तर समुद्राचा तळ फाटला असता. म्हणूनच प्रत्येक वेळी खोडला. मीही खोडलाच असता.

हा आकडा मी आधी पाहिलेला आहे. कुठे, ते आज लिहीत नाही.

१५ फेब्रुवारी

धक्क्यामागच्या गोदामात खडकाचे नमुने ठेवतात. विहिरीतून काढलेले मनगटाएवढे जाड दगडी दांडे, हात-हात लांबीचे तुकडे करून लाकडी पेट्यांत मांडलेले. तिसऱ्या विहिरीतली उणे १७०५ची पेटी मागितली. गोदामवाला म्हणाला, आधीचे साहेब पण हीच पेटी सारखी मागायचे, बाई, तिच्यात काय सोनं आहे का?

काळा, तलम चिकणखडक. साचला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. कापलेल्या सपाट बाजूवर खडूने एक वर्तुळ काढले होते, शेजारी प्रश्नचिन्ह. वर्तुळात एक खळगा. भिंग लावून पाहिला. ओल्या मातीत अंगठा दाबावा तसा. बारीक रेघा स्पष्ट. पण अंगठा पुरा नाही. टोक नाही, पहिल्या पेराच्या मध्यावरच गोलसर संपलेला.

जीवाश्म असेल, शिंपल्याचा ठसा असेल, असे दहा पर्याय मी स्वतःला सांगितले. मग पेटी बंद करून निघाले. गोदामवाल्याच्या वहीत सही करायची राहिली. मी सही करायची कधी विसरत नाही.

१७ फेब्रुवारी

आधीच्या गृहस्थांच्या घरी फोन केला. त्यांच्या पत्नीने घेतला. म्हणाल्या, ते फोनवर येत नाहीत. दिवसभर मागच्या खोलीत बसतात, जेवायला हाक मारली की येतात, पानाकडे बघत बसतात. मी म्हटले, दाबाच्या नोंदींबद्दल एकच विचारायचे आहे. बाई पदराआड हुंदका दाबावा तशा थांबल्या. मग म्हणाल्या, तुम्ही काय विचारणार, उलट तेच सगळ्यांना विचारत असतात. दूधवाल्याला विचारलं, डॉक्टरांना विचारलं. "किती वर आलं?" एवढंच.

काय वर आलं, ते बाईंनाही माहीत नाही.

१९ फेब्रुवारी

चार आकडे चार तारखांसमोर मांडले. खोली आणि दिवस. चारही बिंदू एका सरळ रेषेत. खोडलेले बिंदू. आजवर पाहिलेली सगळ्यात सरळ रेष.

दिवसाला एक मीटर वर.

दमलेला माणूस जिना चढतो तसे. घाई नाही, थांबणेही नाही. पाचव्या विहिरीचा आराखडा पाहिला. पहिली दाबनोंद २७ तारखेला, उणे ७०वर. माझ्या रेषेवर २७ तारखेला उणे ७०च येते.

रेष मागे नेली. एकोणीस वर्षांपूर्वी उणे सात हजार.

आता लिहिते. एकोणीस वर्षे लिहिले नाही.

तो समुद्र दुसरा, कंपनी दुसरी. हे रिगवर आणि मी किनाऱ्यावर मॉडेलपाशी. लोक चेष्टा करत: नवरा-बायकोत नव्वद किलोमीटर पाणी आहे म्हणून यांचा संसार सुखाचा. ह्यांनी विहिरीत नऊ ठिकाणी दाब मोजला आणि मला फोनवर सांगितला. आठ रेषेवर. नववा नाही. तीनदा मोजलाय गं, म्हणाले. चार, तीन, सात, दशांश सहा. लिहिलंस का? मी म्हटले, लिहिला. लिहिलाच होता. पण मॉडेल जुळेना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांपुढे मांडायचे होते. त्या काळात मांडणारी बाई मी एकटीच असे. माझी रेष वाकडी निघून चालणार नव्हती. दुपारी तीन वाजता मी नववा बिंदू खोडला. उपकरणदोष.

खालचा दाब दाबून धरण्यासाठी विहिरीत जड चिखल भरतात. माझ्या तक्त्यावरून त्यांनी तो हलका ठेवला. चौथ्या दिवशी विहीर उसळली. सात माणसे गेली. सहा सापडली.

चौकशी झाली. माझ्या कागदावर आठ बिंदू होते, आठही रेषेवर. मला कोणी काही विचारले नाही. उलट बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. चिरंजीव तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने विचारले, बाबांना खालचं कळलं नव्हतं का? मी म्हटले, कोणालाच कळलं नव्हतं, बाळा.

त्या वर्षीची वही ट्रंकेच्या तळाशी आहे. कुठेही गेले तरी ती बरोबर असते. आज काढून पाहिली. चार, तीन, सात, दशांश सहा; वरून आडवी रेघ, माझ्याच हाताची.

ह्यांच्या उजव्या अंगठ्याचे टोक लग्नाआधीच पाइपाच्या चिमट्यात सापडून गेले होते.

२२ फेब्रुवारी

उरकाला भेटले. पाचवी विहीर पुढे ढकला म्हटले. त्याने कारण विचारले. काय सांगणार होते? चार बाद आकडे दाखवले. त्याने पाहिले आणि हसून म्हणाला, मॅडम, हे तर तुम्ही स्वतः रुजू झाल्या दिवशी सांगितलंत, आधी उपकरणाची चूक. रिगचं दिवसाचं भाडं चालू आहे, उरकून टाकू.

माझेच वाक्य माझ्या तोंडावर.

एक कारण असे होते की ते सांगितले असते तर त्याने ऐकले असते. तोंडात आले होते. पण मग चौकशीतली ती खुर्ची आठवली. चिरंजीवाचा चेहरा आठवला. म्हटले, विचार करून लेखी देते. जिना उतरले.

२४ फेब्रुवारी

लेखी दिले नाही. दोन कागद फाडले.

पाचवे मॉडेल मात्र पुरे केले. यात खोडलेले चारही बिंदू धरले. संगणकाने दुपारभर घेतले आणि चित्र दिले. चादर नाही, पात्र नाही, एकही भेग नाही. चारही विहिरींतले वायू-पाणी पहिल्यांदाच बिनतक्रार जुळले. सगळ्यांतून वर जाणारी एकच अरुंद वाट, पहिल्या विहिरीच्या खालून निघून किनाऱ्याकडे कललेली. मुलगी म्हणाली, मॅडम, हे बरोबर आलंय का हो? म्हणजे, एवढं बरोबर कधी येतं का?

वाटेची रुंदी माणूस खांदे आवळून जाईल एवढी.

२७ फेब्रुवारी

सकाळी दहाला चिरंजीवाचा फोन. तिथे समुद्र बासष्ट मीटर खोल. तळाखाली आठ मीटरवर पहिला वाळूचा थर लागला, त्यात दाब मोजला. उणे ७०. चार, तीन, सात, दशांश सहा. म्हणाला, आई, तीनदा मोजलंय. वरिष्ठ म्हणतायत, उपकरण बिघडलंय, खोडून टाक. खोडू ना?

आणि मी हो म्हणाले.

तोंडातून हो गेले. पस्तीस वर्षांची सवय. फोन ठेवल्यावर कळले काय बोलले ते. पुन्हा लावला. कोणी उचलला नाही. पाच वेळा लावला.

दुसऱ्यांदा. त्याच तोंडाने.

२८ फेब्रुवारी, सकाळ

रिगभोवती पाणी खदखदते आहे. बुडबुड्यांचे मोठे वर्तुळ. उरकाने सांगितले. तरी म्हणाला, थोडा गॅस आहे, बघू —

मी ट्रंकेतली वही त्याच्या टेबलावर उघडून ठेवली. खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवले आणि सगळे सांगितले. उभ्याने. खुर्ची देत होता, घेतली नाही. सात माणसे, म्हटले. आकडा हाच. मी खोडला. आता तुमच्या रिगवर चौसष्ट आहेत.

त्याने वही स्वतःकडे ओढून आकडा वाचला. उरकून टाकू म्हणाला नाही. फोन उचलला आणि सगळ्यांना खाली उतरवायला सांगितले. चांगला माणूस आहे. मी उगाच नाव ठेवले.

२८ फेब्रुवारी, दुपार

चिरंजीवाला मीच सांगितले. दुसऱ्याकडून कळायला नको.

 मागे भोंगा वाजत होता, माणसे ओरडत होती. मग त्याने विचारले, बाबांनी तुला आकडा सांगितला होता? हो. तू लिहिला होतास? हो. मग? मी म्हटले, मग खोडला. तो म्हणाला, मी नऊ वर्षांचा होतो, आई. एवढेच. फोन ठेवला नाही त्याने. हातातून सुटला असावा. बराच वेळ भोंगा ऐकू येत होता.

१ मार्च

चौसष्टच्या चौसष्ट बोटीवर. चिरंजीव शेवटच्या खेपेत. रिग एका बाजूला कलली आहे, उभी आहे. वीज तोडली. वर कोणी नाही.

देवा. वाचला.

बोटीवरून निरोप पाठवला: सुखरूप आहे. बंदरातून थेट बायकोकडे जातो. तुझ्याकडे येत नाही. येईन की नाही, माहीत नाही.

बरोबर आहे. जिवंत आहे आणि माझ्यावर रागावलेला आहे. यापेक्षा अधिक मागायचा मला हक्क नाही. दुपारभर खिडकीत बसून बोटीची वाट पाहिली. धक्क्यावर उतरताना लांबून दिसला. वर पाहिले नाही त्याने.

घरमालकीणबाईंनी न विचारता ताट झाकून ठेवले होते.

२ मार्च

सकाळी अकरा. ऑफिसात मी आणि मुलगी. रिगशी जोडलेल्या थेट फोनची घंटा.

मुलीने उचलला. ऐकले. माझ्याकडे दिला. म्हणाली, आपोआप चालणारी यंत्रणा असेल, आकडे सांगतेय.  वीज तोडल्याचा कागद तिनेच फायलीत लावला आहे.

उणे एकतीस. चार — तीन — सात — दशांश सहा.

उणे एकतीसवर खडक नाही. पाणी आहे.

आकडे सुटे सुटे. मग थोडा थांबून, एक प्रश्न. मी फोन खाली ठेवला.

तासाने पुन्हा. उणे एकोणीस.

दिवसाला एक मीटर राहिलेले नाही — आम्हीच भोक पाडून दिले — वाट मोकळी —

३ मार्च

उणे चार.

शून्य.

मुलीला घरी पाठवले. जात नव्हती. मॅडम, तुम्ही पण चला, म्हणून हात धरून ओढत होती. मुलं लहान आहेत ना तुझी, जा, म्हटले. रागावून सांगावे लागले. रागावणे मला जमते.

उरका विचारत होता, तुम्ही का थांबताय? म्हटले, नोंदी येत आहेत. नोंदी घ्यायला कोणीतरी हवे.

आवाजात राग नाही. तेच सहन होत नाही. एकोणीस वर्षांपूर्वी होता तसाच आहे, थोडा दमलेला. तेव्हाही विचारले होते, मी हो म्हटले होते. तेवढ्यावर विश्वास ठेवून हे निश्चिंत कामाला गेले.

४ मार्च

दुपार. ऊन चांगले पडले आहे. धक्क्यावर क्रेन चालू आहेत. इमारतीत मी एकटी.

अधिक दोन. — लिहिले.

जिन्याचा खालचा दरवाजा. वारा असेल. वारा नाही.

अधिक पाच. विहिरीतल्या चिखलाचा वास. ह्यांच्या कपड्यांना यायचा. कितीही धुतले तरी —

चिरंजीवाला फोन लावला. उचलला नाही. सुनेने घेतला. झोपलाय म्हणाली, गाढ. म्हटले, उठवू नकोस. पांघरूण घाल. आणि सांग त्याला, आईने —

अधिक आठ. एक पायरी. थांबणे. एक पायरी. दम लागला आहे त्यांना. सात किलोमीटर —

फोन वाजत नाही आता. तरी आवाज येतो. दाराबाहेरून.

अधिक अकरा. पितळी पट्टीपाशी.

मी वळून पाहत नाही. लिहिते आहे. ही वही, ती जुनी वही, दोन्ही उघड्या समोर. जुनीतली आडवी रेघ — ओला अंगठा फिरवल्यासारखी — टोक नाही — पुसत चालली आहे —

चार. तीन. सात. दशांश सहा.

लिहिलंस का, विचारतात.

हो. लिहिले. अहो, लिहिले, या वेळी खोडत ना